तेल गरम न करणारी नर्स

गेल्या पावसाळ्यात आई गॅलरीतल्या ओल्या फरशीवर घसरली आणि घोटा मोडून बसली. सहा आठवडे प्लास्टर. मी घरूनच काम करते, पण आईला उचलणं, बसवणं, बाथरूमला नेणं, पाठ-कंबर चोळून देणं हे सगळं मला एकटीला जमेना, म्हणून एक मावशी ठेवल्या. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. पहिल्या आठवड्यात टीव्हीवर सिरियली झाल्या, दुसऱ्यात आई सिरियलींना शिव्या द्यायला लागली, तेव्हा एके दुपारी मला गंमत सुचली आणि मी हिचकॉकचा 'रिअर विंडो' लावला. का, तर त्यात हीरोचा पाय प्लास्टरमध्ये असतो. म्हटलं आईला तेवढीच सोबत.

आईला इंग्लिश जेमतेम कळतं, मावशींना अजिबात नाही. मी अधूनमधून सांगत होते, हा फोटोग्राफर आहे, पाय मोडलाय, खिडकीतून समोरच्या घरांत बघत बसतो वगैरे. जेम्स स्टुअर्टचं दोघींना काही विशेष वाटलं नाही. नायिका ग्रेस केलीच्या साड्या, म्हणजे गाऊन, आवडले. पण त्याच्याही आधी, सिनेमा सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो तेव्हा, एक बुटकीशी, चाळिशी-पन्नाशीची, काळी पर्स घेतलेली बाई दारातून आत येते, येता येता हीरोला झापते, त्याच्या तोंडात थर्मामीटर कोंबते आणि मग त्याला पालथं झोपवून त्याची पाठ चोळायला लागते. मावशी तोपर्यंत मेथी निवडत होत्या. त्या थांबल्या. म्हणाल्या, "तेल गरम नाही केलं हिनं."

मी थक्कच झाले, कारण पडद्यावरही नेमकं तेच चाललेलं असतं. पाठीला गार लागतं म्हणून तो कुरकुरतो, हे कधी गरम करत नाहीस का म्हणून विचारतो, आणि ती सांगते की गारच बरं, रक्ताला लढायला काहीतरी नको का. मी हे मराठीत सांगितल्यावर मावशी हसल्या आणि "पण हात चांगलाय तिचा, सवयीचाय" म्हणाल्या. झालं, तिथून पुढं आमच्या घरात तो सिनेमा त्या नर्सचा झाला. खून कुणी केला यापेक्षा ती परत कधी येणार हीच उत्सुकता.

त्या नर्सचं सिनेमातलं नाव स्टेला, आणि नटी थेल्मा रिटर. मी ती आधीही पाहिली होती, दोन-चार सिनेमांत, पण आपण जसं चेहरा ओळखतो आणि नाव विचारत नाही तसं. मावशींच्या त्या एका वाक्यानंतर मी तिच्या मागेच लागले. पुढचे चार आठवडे रात्री आई झोपली की मी थेल्मा रिटर बघायचे.

जन्म ब्रुकलिनचा, १४ फेब्रुवारी १९०२. न्यूयॉर्कच्या अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समध्ये शिकली, मग गावोगावच्या नाटक कंपन्यांमधून कामं केली, ब्रॉडवेवरही, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या व्यावसायिक रंगभूमीवर, किरकोळ काहीतरी. १९२७ मध्ये जोसेफ मोरन नावाच्या नटाशी लग्न. हे मोरनसाहेब पुढे नाटक सोडून जाहिरात कंपनीत गेले, घर स्थिरावलं, दोन मुलं झाली, आणि थेल्माबाईंनी मुलं वाढवायला म्हणून स्टेज सोडलं. मुलं जरा मोठी झाल्यावर रेडिओवर कामं करायला लागली. बाई चाळिशीत आल्या तरी सिनेमाच्या कॅमेऱ्यासमोर एकदाही उभ्या राहिलेल्या नाहीत. ही गोष्ट इथेच संपली असती तरी कुणाला काही वाटलं नसतं, अशा हजारो बायका असतात आणि आपल्या घराण्यातही एखादी निघते जी लग्नाआधी 'फार छान गायची'.

१९४६ च्या हिवाळ्यात दिग्दर्शक जॉर्ज सीटन, जो ओळखीचाच होता, न्यूयॉर्कच्या मेसीज् दुकानात 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'चं शूटिंग करत होता. त्यात एक छोटंसं काम होतं, नाताळच्या खरेदीत दमलेल्या आईचं. पोराला खेळण्यातला आगीचा बंब हवाय, तो अख्ख्या शहरात कुठंच मिळत नाहीये, आणि दुकानातला सांताक्लॉज पोराला बिनधास्त सांगून टाकतो की मिळेल तुला. ती सांताला बाजूला घेऊन रागवते. त्यावर सांता तिला सांगतो की अमुक दुसऱ्या दुकानात मिळतोय, तिकडे जा, आणि ती चाटच पडते, की मेसीजचा माणूस गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या दुकानात पाठवतोय? श्रेयनामावलीत तिचं नावसुद्धा नाही. पण त्या दोन मिनिटांत तिच्या खांद्यांकडे बघा. दिवसभर पिशव्या उचलून एक खांदा खाली गेलेली बाई आहे ती. स्टुडिओचे सर्वेसर्वा डॅरिल झॅनक यांनी हे बघितलं आणि बाईला आणखी काम द्या म्हणून सांगितलं. तेव्हा वय पंचेचाळीसच्या आसपास.

मग १९४९ चा 'अ लेटर टू थ्री वाइव्ज', जोसेफ मॅन्कीविझचा, त्यातही नाव नाही. पण मॅन्कीविझनं ओळखलं की आपल्या हाताला काय लागलंय, आणि पुढच्या वर्षी 'ऑल अबाउट ईव्ह'मध्ये तिला बर्डी दिली.

बर्डी म्हणजे बेट डेव्हिसच्या, म्हणजे मार्गो चॅनिंग या मोठ्या नाटकातल्या नटीच्या मेकअपच्या खोलीतली मदतनीस. एकेकाळी स्वतः हलक्याफुलक्या स्टेज शोजमध्ये कामं केलेली. ईव्ह नावाची गरीब बिचारी भक्त पोरगी येते, आपली दर्दभरी कहाणी सांगते, खोलीतले सगळे शिकलेसवरलेले लोक विरघळून जातात, आणि बर्डी म्हणते की वा, काय गोष्ट आहे, फक्त मागं शिकारी कुत्री लागायची तेवढी बाकी राहिली. सगळे तिच्यावर नाराज. ती माफीपण मागते. पण अख्ख्या सिनेमात त्या पोरीला पहिल्यांदा ओळखणारी बर्डीच. का ओळखते, तर माझं म्हणणं असं की ती एकटीच त्या खोलीत काम करत असते. बाकीचे गप्पा मारतात, पितात, आरशात बघतात. जी आवरत असते तिला कळतं कोण कुठल्या वस्तूला कसा हात लावतंय. पुढे मार्गो तिला विचारते की तुला ईव्ह आवडत नाही ना, तेव्हा बर्डी सांगते की ती तुमचा अभ्यास करतेय, तुम्ही म्हणजे जणू एखादं नाटक किंवा पुस्तक किंवा नकाशा आहात. हे ती इतक्या साधेपणानं सांगते की मार्गोला राग येतो आणि आपल्याला पोटात गोळा.

आणि मग काय होतं, तर बर्डी गायब. पार्टीचा तो प्रसिद्ध सीन होतो, पाहुण्यांच्या फरच्या कोटांचा पलंगावर ढीग पडलेला असतो, त्यावरून बर्डी एक तिरकस शेरा मारून घेते, आणि त्यानंतर सिनेमा बराच उरलेला असताना ती परत कधीच दिसत नाही. नोकरी सोडली का, आजारी पडली का, कुणी काही सांगत नाही. मी दोनदा मागे-पुढे करून बघितलं, म्हटलं आपल्याकडून सुटलं असेल. सुटलेलं नव्हतं. लेखकाचं काम झालं, तिनं धोक्याची घंटा वाजवली, आता तिची गरज नाही. मला हे अजूनही खटकतं, इतक्या हुशार माणसानं लिहिलेल्या सिनेमात.

त्या भूमिकेसाठी तिला सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, पहिलं. ते गेलं जोसेफिन हल नावाच्या सत्तरी उलटलेल्या नाटकवाल्या बाईंना, 'हार्वी'साठी. ठीक आहे. १९५१ मध्ये परत नॉमिनेशन, किम हंटर जिंकली. १९५२, ग्लोरिया ग्रॅहम. १९५३, डॉना रीड. सलग चार वर्षं! नंतर १९५९ मध्ये शेली विंटर्स, आणि १९६२ मध्ये पॅटी ड्यूक, जी तेव्हा सोळा वर्षांची होती. सहा नॉमिनेशन्स, शून्य ऑस्कर. सहाय्यक अभिनेत्रीच्या विभागात इतकी नॉमिनेशन्स दुसऱ्या कुणाला नाहीत. तिच्याबद्दल कुणीही काही लिहिलं की सुरुवात इथूनच होते, बिचारी थेल्मा, सहा वेळा हरली. मला हा बिचारेपणा पटत नाही. एक तर ज्यांनी जिंकली त्यांतल्या काहींची कामं खरंच जबरदस्त आहेत. दुसरं म्हणजे ज्या बाईनं पंचेचाळिशीत सुरुवात केली तिला पन्नाशीत दरवर्षी तिथं बोलावत होते हे मला हरण्यापेक्षा मोठं वाटतं. आणि तिसरं, ज्या 'रिअर विंडो'मुळे जग तिला ओळखतं त्याच्यासाठी तर नॉमिनेशनसुद्धा नव्हतं, मग त्या यादीवर किती विश्वास ठेवायचा?

गंमत म्हणजे ३० मार्च १९५५ ला ऑस्कर सोहळा दोन्ही किनाऱ्यांवर एकदम झाला, हॉलिवूडच्या बाजूनं सूत्रसंचालक बॉब होप आणि न्यूयॉर्कच्या बाजूनं थेल्मा रिटर. त्या रात्री 'द कंट्री गर्ल'साठी मुख्य अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं ग्रेस केलीला. म्हणजे आदल्याच वर्षी जिच्याबरोबर ती पडद्यावर रात्रीची अंगणात उतरून फुलांचा वाफा खणत होती, तिला. यजमानीणबाईंचं स्वतःचं काही नाही, पण समारंभ नीट पार पडला. आमच्याकडे लग्नात अशी एक मावशी असतेच, जिच्याकडे किल्ल्या असतात.

१९५१ चा 'द मेटिंग सीझन' मला कुणी आधी का सांगितला नाही माहीत नाही. त्यात ती हॅम्बर्गरची टपरी चालवणारी आई आहे. मुलगा शिकलाय, नोकरीला लागलाय, एका बड्या घरातल्या मुलीशी, म्हणजे जीन टियर्नीशी, त्याचं लग्न होतं. टपरी हातची जाते आणि आई मुलाच्या गावी येते. सुनेनं सासूला कधी पाहिलेलं नसतं, घरात पहिली मोठी पार्टी आहे, तिनं स्वयंपाकाला बाई मागवलेली असते, आणि दारात ही उभी. सून समजते हीच ती. आणि सासू सांगत नाही! ॲप्रन बांधते आणि कामाला लागते. हे आपल्याकडच्या कुठल्याही नाटकात चाललं असतं, अश्रूंचा पूर आला असता. थेल्मा रिटर त्यात एकदाही रडवत नाही. ती सुनेच्या स्वयंपाकघरात रमते, कारण तिला स्वयंपाक येतो आणि समोरचीला येत नाही, इतकं साधं. अख्खा सिनेमा तिच्या खांद्यावर आहे, तरी नॉमिनेशन सहाय्यकचंच, कारण नायिकेच्या रकान्यात जीन टियर्नी.

इथं एक गोष्ट बोलायलाच हवी. हॉलिवूडमध्ये मोलकरणीचं काम करून ऑस्कर मिळालेलं होतंच, १९४० मध्ये, हॅटी मॅक्डॅनियलला. ऑस्कर मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, आणि त्या रात्री त्याच हॉलमध्ये तिला वेगळ्या टेबलावर बसवलेलं होतं. थेल्मा रिटरच्या मोलकरणी मालकांना उलट बोलतात, टोमणे मारतात, त्यांच्या दारूचा हिशोब काढतात, आणि प्रेक्षक खूश होतात. ही मोकळीक तिच्या टायमिंगमुळे मिळाली हे खरं, पण ती गोरी होती, ब्रुकलिनची होती, म्हणूनही मिळाली. 'पिलो टॉक'मधली थेल्माची अल्मा रोज सकाळी हँगओव्हर घेऊन डोरिस डेच्या घरी कामाला येते, आणि आपण हसतो. तेच काम तेव्हा हॅटी मॅक्डॅनियलनं केलं असतं तर लोक कशाला हसले असते, याचा विचार केला की जरा अस्वस्थ व्हायला होतं. यात थेल्माचा दोष नाही, पण तिचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

आता 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'. १९५३, दिग्दर्शक सॅम्युएल फुलर. मी तो रात्री साडेअकराला लावला आणि दीडला किचनमध्ये पाणी पीत उभी होते.

ती त्यात मो आहे. रस्त्यावर टाय विकते, आणि टायच्या आडून पोलिसांना खबरी विकते. कोण पाकीटमार कुठल्या पद्धतीनं पाकीट मारतो हे तिला बरोब्बर ठाऊक. पोलिसांशी भावावरून घासाघीस करते, महागाई वाढलीय म्हणते. रिचर्ड विडमार्कच्या पाकीटमाराचा पत्ता तीच विकते, आणि त्याला तिचा रागही येत नाही, खायला तर लागतंच ना तिला, एवढंच त्याचं म्हणणं. आणि मो हे पैसे साठवते कशासाठी, तर स्वतःच्या कबरीसाठी. जागा आणि दगड. न्यूयॉर्कमध्ये बेवारस, गरीब मेलेल्यांना पुरायला हार्ट आयलंड नावाचं बेटच आहे, १८६९ पासून शहर तिथं माणसं पुरतंय. तिकडे, त्या लांबलचक सामायिक खड्ड्यात आपल्याला टाकू नये, एवढी एकच तिची इच्छा. मरता यावं म्हणून जगायला कमवावं लागतं, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलते, आणि ते विनोद म्हणून बोलते.

मग तो सीन. रात्री ती दमून आपल्या खोलीवर येते, ग्रामोफोनवर रेकॉर्ड लावते, पलंगावर पडते, आणि लक्षात येतं की खोलीत माणूस आहे, साम्यवाद्यांचा हस्तक. त्याला त्या पाकीटमाराचाच पत्ता हवाय. आणि आयुष्यभर पत्ते विकणारी ही बाई हा पत्ता विकत नाही. तिचं राजकारण वगैरे काही नाही, तिला साम्यवाद म्हणजे काय तेही सांगता येत नाही, नुसते ते लोक आवडत नाहीत, बस. सिनेमा १९५३ चा आहे, अमेरिकेत तेव्हा सगळीकडे लाल भुताची भीती भरलेली, त्यामुळे त्यातला प्रचार आज बघताना उघडा पडतो. पण ती जे बोलते ते त्या प्रचारापेक्षा फार वेगळ्याच जागेवरून येतं. ती म्हणते मी दमलेय. घड्याळाची चावी संपत आलीय. पाय दुखतात, डोकं दुखतं. गोळी घातलीस तर उपकारच होतील. आणि हे सांगताना ती तेच करते जे स्टेला करते, बर्डी करते, म्हणजे काहीही करत नाही. आवाज तोच, खरखरीत, ब्रुकलिनच्या हेलातला, ज्याच्यावर आपण तासभर हसलेलो असतो. फक्त या वेळी तिच्या हाताला काम नाही. मला वाटतं सगळा खेळ तिथं आहे. इतक्या सिनेमांत सतत काहीतरी चोळणारे, पुसणारे, उचलणारे ते हात इथं नुसते पडलेत. कॅमेरा तिच्यावरून सरकून ग्रामोफोनकडे जातो, रेकॉर्ड संपलेली असते, सुई नुसती घासत असते, आणि गोळीचा आवाज.

नंतर विडमार्क तिची पेटी त्या बेटावर जाणाऱ्या बोटीवरून सोडवून आणतो. तिला पुरतो. एवढं तरी केलं म्हणून मला सॅम्युएल फुलरचे आभार मानावेसे वाटले, रात्री दीड वाजता, हातात तांब्या घेऊन.

बाकीचं भराभर सांगते. ब्रॉडवेवर ती परत गेली, 'न्यू गर्ल इन टाउन' या म्युझिकलमध्ये, आणि १९५८ चा टोनी, म्हणजे ब्रॉडवेच्या नाटकांचा मोठा पुरस्कार, तिला मिळाला, तोही विभागून, त्याच नाटकाच्या नायिकेबरोबर, ग्वेन व्हर्डनबरोबर. म्हणजे एकदा तरी नायिकेच्या शेजारी, त्याच पायरीवर. १९६१ ला 'द मिसफिट्स', मर्लिन मन्रो आणि क्लार्क गेबल या दोघांचाही शेवटचा पूर्ण झालेला सिनेमा. १९६२ ला 'बर्डमॅन ऑफ अल्काट्राझ'मध्ये तिनं बर्ट लँकेस्टरची आई केली, मुलाची फाशी टळावी म्हणून धडपडणारी, पण मुलाच्या आयुष्यात दुसरी बाई आली की उलटणारी. तिथं तिचं नेहमीचं ऊबदार काहीच नाही, आणि तिच्या जुन्या चाहत्यांना ते पचलं नसेल असं वाटतं, मला मात्र भारी वाटलं. ५ फेब्रुवारी १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये हार्ट ॲटॅकनं गेली. सदुसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर होता. सिनेमातलं आयुष्य जेमतेम वीस-बावीस वर्षांचं.

मावशींना यातलं मी थोडंफार सांगितलं. पुरस्कारांचं त्यांना काही वाटलं नाही. मुलं मोठी करून परत कामाला लागली हे आवडलं. नवरा काय करायचा, विचारलं. जाहिरात कंपनीत होता म्हटल्यावर "मग बरं होतं तिचं" म्हणाल्या.

'रिअर विंडो'मधला एक सीन त्यांनी मला तीनदा लावायला लावला. हीरो नाश्त्याला बसलाय, स्टेलानं त्याला अंडी वगैरे करून दिलीत, आणि ती सहज, अगदी भाजीचे भाव बोलावेत तसं, बोलायला लागते की समोरच्या घरातल्या त्या संशयित माणसानं बायकोचे तुकडे नेमके कुठं केले असतील, बाथटबमध्येच केले असणार, तिथंच धुता येतं. हीरोचा घास हातातच राहतो. पहिल्यांदा मी भाषांतर केलं, नंतर गरज पडली नाही, मावशी त्याच्या काट्याकडे बघूनच हसायच्या. आई म्हणायची, पेशंटला असं बोलतात का. मावशी म्हणाल्या, बोलावंच लागतं हो, नाहीतर पेशंट डोक्यावर बसतात. आईनं माझ्याकडे बघितलं.

सहाव्या आठवड्यात प्लास्टर निघालं. मावशींच्या शेवटच्या दिवशी आईनंच सांगितलं की त्या बाईचा दुसरा एखादा लाव, हसायचा. मी 'पिलो टॉक' लावला. अल्मा लडबडत कामाला येते, डोळ्यांवर उजेड सहन होत नाही, लिफ्टमध्ये तोल सावरते, आणि मावशी तोंडाला पदर लावून हसत होत्या, आमच्या आधीच्या घरी एक मालक असाच यायचा म्हणाल्या. पुढे ती रॉक हडसनला दारूत हरवते, तो खाली आणि ही टेबलावर ताठ, तो सीन यायचा होता. मी सांगत होते थांबा, आता मजा आहे. पण पाच वाजले होते, मावशींना पुढच्या घरी एका आजोबांना फिरवायला न्यायचं होतं, आणि साडेपाचची बस चुकली की पाऊण तास गेला. त्यांनी तेलाची बाटली जागेवर ठेवली, आईची काठी पलंगाच्या उजव्या बाजूला टेकवली, डाव्या नाही उजव्या हं, असं मला बजावलं, आणि चप्पल घातली. सिनेमा तसाच चालू होता. आई म्हणाली, पॉज कर, पॉज कर, आणि मी केला. अजून तो तिथंच आहे, अर्ध्यावर.